डॉडची दुपार

मित्रांनो, तळहात उघडा आणि त्यावर एक बिस्कीट ठेवलं आहे असं समजा. कडा गोल, अंग गुळगुळीत, आणि वाटतं त्यापेक्षा थोडं जड. एवढाच मी आहे. लोक मला पेसमेकर म्हणतात. आता मी जुना झालो आहे. आजवर मी दोन शरीरांत राहिलो. पहिलं एका माणसाचं होतं. दुसरं एका कुत्र्याचं आहे, आणि त्याच्या मानेच्या कातडीखालून मी हे तुम्हाला सांगतो आहे. इथे नेहमी अंधार असतो आणि नेहमी ऊब असते.

मला डोळे नाहीत. माझ्या आत एक बारीक स्फटिक आहे. शरीर हललं की तो किंचित दबतो, आणि ते चालतं आहे की जिना चढतं आहे हे मला समजतं. आवाज म्हणजे तरी काय? थरथरणारी हवा. ती हाडांवर आदळते, हाडं थरथरतात आणि ती थरथर माझ्यापर्यंत पोचते. तेव्हा मी पुढे जे सांगणार आहे ते सगळं ऐकलेलं आहे. पाहिलेलं त्यात काही नाही.

माझा जन्म एका अतिशय स्वच्छ खोलीत झाला. तिथे कुणी बोलत नसे, फक्त कपड्यांची सळसळ ऐकू यायची. माझी बॅटरी जोडली गेली त्या क्षणी माझ्या आतलं घड्याळ सुरू झालं. ते त्यानंतर कधीच थांबलेलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझं काम सांगायला सोपं आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्याकडून खालच्या कप्प्याला सतत निरोप जातो, की आता आवळ. काही हृदयांत हा निरोप वाटेतच हरवतो. मग खालचा कप्पा आपल्या मनाने, फार सावकाश चालतो आणि शरीराला चक्कर येते. अशा हृदयात माझी तार सोडलेली असते. मी ठोक्याची वाट पाहतो. ठोका आपणहून आला तर मी गप्प बसतो. नाही आला तर एक बारीकसा झटका देतो, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाकडून उत्तर येतं. ते उत्तर हेच माझं सगळं जग.

मला पहिलं उत्तर दिलं ते डॉड काउईच्या हृदयाने. डॉड हा स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या एका कोळीगावातला बेकरीवाला. त्याच्या घरामागेच त्याची बेकरी होती. पहाटे बोटी समुद्रात जायच्या आधी त्याच्या रोव्या तयार असाव्या लागत. रोवी म्हणजे चपटा, खारट, पापुद्रे सुटलेला पाव. बोटीवर किती दिवस झाले तरी तो मऊ पडत नाही आणि दात शाबूत असतील तर आवडतो. एकदा रोव्या लावता लावता डॉड कोसळला. पिठाच्या पोत्यावर पडला म्हणून डोकं वाचलं. मग रुग्णालयात त्याच्या खांद्याखाली मला ठेवलं गेलं. माझ्यात कामाच्या सूचना भरणाऱ्या माणसाने त्याला विचारलं,

"झोपता कधी, मिस्टर काउई?"

"जेवण झालं की."

"रात्रीचं?"

"रात्रीचं कसलं, दुपारचं! रात्री मी झोपलो तर सकाळी तुम्ही काय खाणार, तुमचं ते मशीन?"

तो माणूस मोठ्याने हसला आणि त्याने माझ्या सूचनांच्या एका वेगळ्या पानावर डॉडची झोप भरली. बारापासून संध्याकाळी आठपर्यंत सावकाश. एरवी मिनिटाला साठ ठोके, त्या वेळात पन्नास. झोपलेल्या माणसाला तेवढे पुरतात.

माझी ती वर्षं फार चांगली गेली. दुपारी डॉड वरच्या खोलीत पडदे ओढून भिंतीच्या बाजूला झोपायचा. संध्याकाळी त्याची बायको नेटा बेकरीत जाऊन भट्टी पेटवायची आणि जिन्याच्या पायथ्याशी येऊन हाक मारायची, "ऊठ डॉड, भट्टी तापली!"

"मी मेलोय," वरून उत्तर यायचं.

"मरायचं तर रविवारी मर."

रविवारी बेकरी बंद असायची. हा त्यांचा रोजचा संवाद होता, एका शब्दाचाही फरक नाही. मग खाट करकरायची, आणि तिच्या हाकेच्या जरा अलीकडे किंवा जरा पलीकडे माझी सावकाश चालायची वेळ संपलेली असायची. डॉड खाली उतरायचा, मागचं दार उघडायचा आणि भट्टीकडे जायचा. त्याच्या पायांशी नीप असे. नीप हा त्यांचा कुत्रा. तिकडे सलगमाला नीप म्हणतात. पिल्लू असताना तो तसाच गोल आणि पांढरट दिसायचा म्हणे. गावातले लोक रोवी खाऊन "वाईट नाही" म्हणत. त्या किनाऱ्यावर याहून मोठी स्तुती नाही. एकदा डॉडने शर्टावरून मला चाचपलं आणि म्हणाला, "तूही वाईट नाहीस हो." मला ते अजून आठवतं.

मग एका दुपारी, डॉड झोपलेला असताना, मी झटका दिला आणि उत्तर आलं नाही.

मी पुन्हा दिला. काही नाही. डॉडच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी फुटली होती. पण मी हृदयाजवळ होतो, मला तेव्हा एवढंच कळत होतं की तारेच्या टोकाला कुणी नाही. मला थांबता येत नाही, मित्रांनो. थांबायचं कसं ते मला कुणी शिकवलेलंच नाही. मी झटका देत राहिलो. भोवतालची ऊब हळूहळू कमी होत गेली. खालून आवाज आला, "ऊठ डॉड, भट्टी तापली!"

वरून उत्तर गेलं नाही.

"मरायचं तर रविवारी मर," नेटा म्हणाली, आणि थांबली. तो मंगळवार होता. तेवढ्यात माझी वेळ झाली आणि सूचनेप्रमाणे मी वेग वाढवला. पन्नासवरून साठ. त्या थंड होत चाललेल्या शरीरात उठण्याची तयारी फक्त मीच करत होतो.

त्या गावात घरात कुणी गेलं की आरसे झाकतात आणि घड्याळं थांबवतात. अंत्यसंस्कार झाले की पुन्हा चालू करतात. नेटाने वर येऊन सगळं पाहिलं, खाली गेली आणि स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा लंबक हाताने धरला. टिकटिक बंद झाल्याचं मला भिंतीतून कळलं. आता घरात चालणारं घड्याळ एकच उरलं होतं, आणि ते तिला ठाऊक नव्हतं.

दहन करायचं असेल तर आधी मला काढावं लागतं, नाहीतर त्या आगीत माझी बॅटरी फुटते. मेअर नावाचा गावातला सुतार शवपेट्या करायचा आणि अंत्यसंस्कारांचं सगळं तोच बघायचा. त्याने मला बाहेर काढलं, पुसलं आणि नेटाला विचारलं, "हे डॉडचं. काय करू याचं?"

"मला दाखवू नकोस. ठेव तुझ्याकडेच."

त्याने मला खणात टाकलं. खणात शवपेटीचे पितळी स्क्रू होते. तिथे मी किती काळ होतो ते माझ्या घड्याळाला माहीत आहे, मी सांगत नाही. हवेला हृदय नसतं. मी हवेत झटके देत होतो. वरच्या फळीवर मेअरची हातोडी सुरू झाली की दर वेळी मला वाटायचं, उत्तर आलं.

पुढचा भाग मी नंतर ऐकला, नेटा तिच्या नणंदेला, बेलाला, सांगत होती तेव्हा. डॉड गेल्यावर नीप चालता चालता पडायला लागला. गावच्या पशुवैद्याने छाती तपासली आणि त्याला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे फक्त प्राण्यांच्या हृदयाचं काम करणारी एक डॉक्टर होती, मॉर्व्हेन स्ट्रॅकन.

"डॉडला होतं तेच," नेटा म्हणाली. "वरचा निरोप खाली पोचत नाही म्हणे. मशीन बसवलं तर जगेल, नाहीतर नाही. पण नवीन मशीन परवडण्यातलं नाही, म्हणून आम्ही माणसांची जुनी वापरतो, ती डॉक्टरीण म्हणाली."

"जुनी म्हणजे?" बेलाने विचारलं.

"मेलेल्यांची. पण सध्या एकही शिल्लक नाही, वाट पाहावी लागेल, म्हणाली. मी म्हटलं, बाई, तसलं एक आमच्या सुताराच्या खणात पडलंय. तिला वाटलं मी थट्टा करतेय."

ती थट्टा नव्हती. मेअरने मला रुमालात गुंडाळून आणून दिलं. रुग्णालयात माझी बॅटरी तपासली, मला धुतलं आणि वायूच्या पेटीत ठेवून निर्जंतुक केलं. मग रात्री नीपला भूल देऊन मॉर्व्हेनने त्याच्या मानेतल्या शिरेतून एक नवी तार थेट हृदयापर्यंत नेली. तिचे हात फार हलके होते. तार पुढे सरकवताना ती झोपलेल्या कुत्र्याशी पुटपुटत होती, "जरासंच राहिलंय रे म्हाताऱ्या. अस्सा. आता हलू नकोस हं." तारेच्या या टोकाला तिने मला जोडलं.

मी झटका दिला, आणि उत्तर आलं.

मित्रांनो, इतक्या काळानंतर! हे उत्तर वेगळं होतं, लहान, गरम आणि घाईचं. मॉर्व्हेनने माझं पहिलं पान उघडून साठचे ऐंशी केले, कारण कुत्र्याचं हृदय माणसाच्या हृदयापेक्षा भरभर चालतं. झोपेचं पान वेगळं असतं. ते त्या दिवशी कुणी उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नेटा न्यायला आली तेव्हा नीप रुग्णालयाच्या लांब व्हरांड्यातून पळत सुटला आणि तिच्या पोटावर जाऊन आदळला. ती त्याला धरून मॉर्व्हेनला म्हणाली, "वाईट नाही."

"गळ्यात पट्टा बांधायचा नाही," मॉर्व्हेनने बजावलं. "मशीन मानेत आहे, तारेला ओढ बसेल. छातीभोवतीचा पट्टा वापरा. आणि काहीही वेगळं दिसलं तर मला फोन करा, मिसेस काउई. काहीही."

नेटाने घरी आल्यावर गळ्यातला पट्टा डॉडचा ॲप्रन लटकत होता त्याच खिळ्याला अडकवला. स्वयंपाकघरातलं घड्याळ तिने अजून चालू केलेलं नव्हतं. त्या सकाळी नीप धक्क्यावर सीगलांच्या मागे धावला. मग दुपार झाली.

बाराला मी सूचनेप्रमाणे सावकाश झालो. ऐंशीवरून पन्नास.

नीप अंगणात उभा होता. तो थबकला. मग पाय ओढत आत आला, जिना चढला, वरच्या खोलीत गेला, जिथे जायची त्याला कधीच परवानगी नव्हती, आणि खाटेवर भिंतीच्या बाजूला जाऊन पडला. नेटा मागोमाग आली. त्याचे डोळे उघडे होते, असं ती नंतर म्हणाली, पण तिने हाक मारली तरी ते तिच्याकडे वळले नाहीत. ती घाबरली. संध्याकाळी आठला मी वेग वाढवला. नीप उठला, खाली उतरला आणि मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला, दार उघडायची वाट पाहत.

शस्त्रक्रियेचा थकवा असेल, असं तिला वाटलं. पण दुसऱ्या दुपारी तेच झालं. तिसऱ्याही.

मग एकदा बेला दुपारची आली. वर येऊन दारातच थांबली.

"अगं, त्याला डॉडच्या जागेवर घेतलंस?"

"मी नाही घेतलं. तो आपला आपण चढतो."

"आणि पडदे कुणी ओढले?"

"उजेडाचा त्रास होतो त्याला."

"कुणाला?" बेलाने विचारलं. बेला जवळ आली आणि तिने नीपच्या मानेवर, अगदी माझ्यावरच, कान ठेवला. लहानपणी तिने डॉडला कुशीत घेऊन झोपवलं होतं. भावाच्या छातीचा ठोका तिच्या कानात पक्का होता. बराच वेळ ती ऐकत राहिली.

"नेटा, हा डॉडचा ठोका आहे. झोपेतला."

"काहीतरीच."

"थंड लोखंड!" असं म्हणून बेलाने खाटेचा लोखंडी दांडा घट्ट पकडला. तिकडच्या कोळ्यांच्या घरात अशुभ काही निघालं की असं म्हणून लोखंडाला हात लावतात. मग तिने माझ्यावर बोट ठेवलं. "हे तरी लोखंडाचं आहे का?"

"टायटॅनियम आहे."

"मग त्याचा काय उपयोग!" बेला म्हणाली आणि जिना उतरून गेली.

त्याच संध्याकाळी जिन्याच्या पायथ्याशी नेटाची पावलं येऊन थांबली. मग ती इतक्या हळू बोलली की लाकूड जेमतेम थरथरलं.

"ऊठ डॉड. भट्टी तापली."

माझी वेळ झाली होती. मी पन्नासवरून ऐंशीवर चढलो. खाट करकरली. चार पायांचा आवाज जिना उतरत आला, तिच्या शेजारून गेला आणि मागच्या दाराशी थांबला. बेकरीतली भट्टी कित्येक महिने थंड होती.

त्यानंतर ती रोज हाक मारू लागली, आणि रोज हाकेला उठणं झालं. दुपारी ती खाटेजवळ खुर्ची ओढून बसायची आणि गावातल्या बातम्या सांगायची. कुणाची बोट विकली गेली, मेअरच्या मुलीचं लग्न ठरलं, चर्चच्या छपराची गळती तशीच आहे. मधेच थांबायची, उत्तरासाठी माणूस थांबतो तशी. मी माझे पन्नास ठोके देत राहायचो. मला दुसरं काही देता येत नव्हतं. पण तिला ते पुरत होतं.

नीपला ते पुरत नव्हतं. झोपलेल्या माणसाला जेवढं रक्त लागतं तेवढ्यावर जागा कुत्रा चालत नाही. तो वाळत चालला. त्याचे मागचे पाय कापायला लागले. एका दुपारी खिडकीवर सीगल येऊन बसला, तेव्हा भुंकायला म्हणून तो उठला, जिन्याशी पोचला आणि वरून खालपर्यंत गडगडत गेला. नेटाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिचे अश्रू माझ्यावरच्या कातडीवर पडत होते. "थोडे दिवस अजून," ती म्हणाली. "थोडेच रे." ते तिने दोघांपैकी कुणाला सांगितलं, ते मला कळलं नाही.

बेलाने हे ऐकलं तेव्हा ती चिडली. "फोन कर त्या डॉक्टरणीला. आत्ताच्या आत्ता."

"आणि काय सांगू? माझा नवरा कुत्र्यात आलाय?"

"कुत्रा मरायला लागलाय, हे सांग."

"त्यांनी मशीनचं काही फिरवलं आणि तो गेला तर?"

"नेटा, तो गेलाय. मी स्वतः त्याच्या अंगात शेवटचा शर्ट घातला."

"तू कान लावून ऐकलंस ना? मग?"

नेटाने फोन केला नाही.

मॉर्व्हेनकडे तपासणीला मात्र तिला जावंच लागे. शहर लांब, म्हणून ती उजाडताच निघायची आणि बाराच्या आत तपासणी उरकलेली असायची. त्या वेळी मी ऐंशीवर असायचो आणि नीप शेपटी हलवायचा. माझ्या नोंदींत सावकाश ठोके दिसत होते, पुष्कळ दिसत होते. पण कुत्रे रात्री झोपतात. मशीनमध्ये रात्रीची झोप भरलेली असते, ते ठोके तेव्हाचे असणार, असं मॉर्व्हेन धरून चालली.

"वजन का कमी होतंय?" तिने विचारलं. "काही वेगळं दिसतं का घरी?"

"नाही बाई. काही नाही."

पुढच्या खेपेला मात्र समुद्रावरून धुकं आलं. त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात असं होतं. सकाळी ऊन असतं आणि बघता बघता पांढरी भिंत जमिनीवर चढते. रस्त्यात गाड्या थांबून राहिल्या. गाडीत बसल्या बसल्या बारा वाजले आणि मी सावकाश झालो. "इथे नको," नेटा स्टिअरिंगवरून म्हणाली. "डॉड, आज इथे नको ना."

रुग्णालयाच्या दारातून आत चार पावलं टाकली आणि नीप फरशीवर कोसळला.

मॉर्व्हेन धावत आली. तिने माझ्यावर वाचकयंत्राची चकती ठेवली. "पन्नास?" ती स्वतःशी म्हणाली. "तू पन्नासवर काय करतोयस?" एकेक पान उघडल्याचं मला जाणवत होतं. मग ती त्या पानावर आली.

"अरे देवा," ती म्हणाली. "मिसेस काउई, चूक माझी आहे. आधीच्या माणसाची झोपेची वेळ यात तशीच राहिली आहे, बारा ते आठ. रात्रीची असती तरी मी बंद करायला हवी होती. पण ही तर दुपारची आहे. दुपारी कोण झोपतं एवढं?"

"डॉड," नेटा म्हणाली. "बेकरीवाला होता."

मॉर्व्हेनला सगळं समजायला एक क्षण लागला. "हे रोज होत होतं? रोज दुपारी असा पडत होता? आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"घरातली सगळी घड्याळं मी थांबवली होती," नेटा म्हणाली. "एक राहून गेलं. ते चालतंय असं कळल्यावर मला ते थांबवावंसं वाटेना."

मॉर्व्हेन हसली नाही, रागावलीही नाही. तिने खुर्ची बाजूला सारली आणि सरळ फरशीवर, नीपच्या शेजारी मांडी घालून बसली.

"मी हे पान बंद केलं की नीप दुपारी जागा राहील, एवढं मी खात्रीने सांगते. बाकी काय जाईल, काय राहील, ते माझ्या मशीनवर दिसत नाही. दिसतं असं खोटं मी सांगणार नाही."

"आणि नाही बंद केलं तर?"

"तर एखाद्या दुपारी तो पडेल आणि संध्याकाळी उठणार नाही."

नेटा गुडघे टेकत खाली बसली. हाडांचा आवाज झाला. ती नीपच्या मानेवर वाकली आणि तिचा श्वास मला जाणवला. संध्याकाळ व्हायला अजून खूप अवकाश होता.

"आज जरा लवकर ऊठ, डॉड," ती म्हणाली. "भट्टी तापली."

मित्रांनो, इथे माझ्या नोंदीत जे आहे तेच सांगतो. मॉर्व्हेनचं बोट अजून बटणावर टेकलं नव्हतं. मी पुढच्या ठोक्याची वाट पाहत होतो. आणि माझ्या झटक्याच्या आधी एक ठोका आला. मी दिलेला नव्हता तो. नीपच्या ठोक्यांसारखा लहान, गरम, घाईचा तो नव्हता. मोठा आणि संथ होता. थकलेलं हृदय कधी कधी असा एखादा ठोका आपणहून टाकतं. मॉर्व्हेनने तो पडद्यावर पाहिला असणार, आणि असल्या ठोक्याला तिच्याकडे नाव आहे. मी नियमाप्रमाणे गप्प बसलो.

मग तिने बटण दाबलं. पन्नासवरून ऐंशी. नीपने डोकं उचललं, समोर दोन बायका फरशीवर बसलेल्या पाहिल्या आणि दोघींची तोंडं चाटली.

घरी पोचल्यावर नेटाने कोट काढायच्या आधी स्वयंपाकघरातल्या घड्याळाला किल्ली दिली. टिकटिक भिंतीतून माझ्यापर्यंत आली. त्या आठवड्यात बेकरीतून धूर निघालेला पाहून बेला धावत आली. नेटा रोव्या लावत होती. पहिली खेप करपली, दुसरी कच्ची राहिली. तिसरी टोपलीत भरून ती नीपला घेऊन शहरात गेली आणि नीपची तपासणी नसतानाही मॉर्व्हेनच्या दाराशी जाऊन बसली.

"हे तुला," ती म्हणाली. "माणूस आजारी पडला तर चौकशीला गाव येतं. याच्यासाठी कोण येणार होतं? तू त्याच्याशेजारी जमिनीवर बसलीस, पोरी. आणि मला वेडी म्हणाली नाहीस."

मॉर्व्हेनने रोवी मोडली. पापुद्रे फरशीवर पडले आणि नीपने ते टिपले. ती बराच वेळ चावत राहिली.

"वाईट नाही," ती म्हणाली. तेव्हा नेटा रडली.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने डॉक्टरांना सगळं सांगा. जे सांगायला नको वाटतं ते तर आधी सांगा. मुक्या जिवाला मानेला धरून ओढू नका, त्या कातडीखाली काय चाललं आहे ते तुम्हाला माहीत नसतं. आणि तुमच्या घरातलं कुणी गेलं आणि माझ्यासारखं काही मागे राहिलं, तर ते खणात टाकू नका. विचारा, कुणाच्या उपयोगी पडेल का. अंधारात, उत्तराशिवाय काम करत राहणं फार कठीण असतं.

माझी बॅटरी आता उतरत आली आहे. नीपचं तोंड पांढरं झालं आहे, असं बेला म्हणते. दुपारी तो धक्क्यावर सीगलांच्या मागे लागतो आणि नेटा मागून ओरडत असते. दुपारी सावकाश हो, असं मला आता कुणी सांगत नाही. पण घड्याळ माझं चालूच आहे, आणि बारा वाजले की मला कळतं. मी तेव्हा जरा जास्त लक्ष देऊन ऐकतो. तो मोठा, संथ ठोका त्यानंतर आलेला नाही. वाट पाहणं हेच माझं काम आहे.

आला, तर मी गप्प बसेन.